आंब्याची पेटी, पिठाचा माग आणि एक तह : इस्लामच्या शिकवणीत शांतता, न्याय आणि सहिष्णुता म्हणजे नेमके काय?

२८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या. पुण्यासह राज्यातील अनेक शहरांत मुस्लिम समाजाच्या समित्यांनी बैठका घेऊन आपला जुलूस विसर्जनानंतरच्या एखाद्या दिवसावर नेला. पुढची दोन वर्षेही हे सण एकमेकांना खेटून आले आणि तीच तडजोड पुन्हा करावी लागली. त्या दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नेमाने दोन प्रकारचे संदेश येत. एकात 'इस्लाम म्हणजेच शांतता' असे हिरव्या अक्षरांत लिहिलेले असे. दुसऱ्यात कुराणातील एखादी ओळ, क्रमांकासह, आणि खाली 'हे वाचा आणि मग बोला' असा शेरा असे. हे संदेश पुढे धाडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती ओळ ज्या पानावर आहे ते पान उघडलेले नसावे, असे मी धाडसाने म्हणतो, कारण मीही कित्येक वर्षे ते उघडले नव्हते.

ते पान उघडल्यावर माझ्या लक्षात आलेली मुख्य गोष्ट अशी की, इस्लामच्या शिकवणीत शांतता हा शब्द एकटा येत नाही. तो न्यायाच्या आणि दिलेल्या शब्दाच्या पाठोपाठ येतो. न्याय बाजूला ठेवून 'शांतता, शांतता' म्हणणाऱ्यांचे त्या ग्रंथाशी जमत नाही आणि न्यायाच्या नावाखाली शब्द मोडणाऱ्यांचेही जमत नाही. हे कसे, ते पायरीपायरीने पाहू.

आधी शब्द, जे आपण रोज वापरतो

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या धातूपासून बनतात. स-ल-म या धातूपासून सलाम, इस्लाम आणि मुस्लिम हे शब्द झाले, आणि आपण 'सुखरूप' या अर्थाने म्हणतो तो सलामत हा शब्दही त्याच घरचा. सलाम म्हणजे शांती, तर इस्लाम म्हणजे ईश्वराच्या इच्छेपुढे स्वतःला स्वाधीन करणे. दोन्ही शब्द सख्खे असले तरी एक नव्हेत. म्हणून 'इस्लाम म्हणजेच शांतता' हे भाषांतर थोडे घाईचे आहे. स्वाधीन होण्यातून शांती लाभते, असा त्यातला भाव आहे.

न्यायाचे शब्द तर मराठीने कधीच आपलेसे केले आहेत. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात पाच मिनिटे उभे राहिले तर कायदा, वकील, हक्क, जामीन, तारीख हे शब्द कानावर पडतात, आणि हे सगळे मूळचे अरबी आहेत. न्यायासाठी कुराणात येणारा मुख्य शब्द अद्ल. आपली अदालत त्याच धातूची. इन्साफ या शब्दाच्या मुळाशी निस्फ, म्हणजे निम्मे, आहे. जेवढे मला तेवढेच तुला, हा त्याचा मूळ अर्थ.

एका शब्दाने मात्र पुणेकरांचा हमखास गोंधळ होतो, तो म्हणजे जकात. आपल्यासाठी जकात म्हणजे नाक्यावर ट्रक थांबवून घेतला जाणारा महापालिकेचा कर, जो पुण्यात २०१३ साली बंद झाला. इस्लाममधील जकात वेगळी. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, अथवा तेवढ्या किमतीची शिल्लक चांद्र वर्षभर राहिली असेल, त्याने त्या शिल्लकीचा अडीच टक्के भाग गरजूंना द्यायचा असतो. कुराण त्याला याचकाचा आणि वंचिताचा 'ठरलेला हक्क' म्हणते. देणाऱ्याने उपकाराचा आव आणण्याची सोयच त्यात ठेवलेली नाही.

ग्रंथ किती आणि अधिकार कोणाचा?

कुराण हा मूळ ग्रंथ. त्यात ११४ अध्याय आहेत, आणि त्यातील वचनांना आयत म्हणतात. मुस्लिम श्रद्धेनुसार हे ग्रंथवचन पैगंबर मुहंमद यांच्यावर इ.स. ६१० ते ६३२ या सुमारे २३ वर्षांत तुकड्यातुकड्यांनी अवतरले. अध्याय मात्र काळानुसार लावलेले नाहीत. ढोबळपणे लांब अध्याय आधी आणि छोटे शेवटी आहेत. त्यामुळे पहिल्या पानापासून कादंबरीसारखे वाचत गेले तर कोणती गोष्ट आधीची आणि कोणती नंतरची, हे कळत नाही. दुसरा आधार हदीसचा, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचा. तिसरा फिक्हचा, म्हणजे विद्वानांनी या दोन्हींवरून माणसाच्या बुद्धीने काढलेल्या कायद्याचा.

आपल्याकडे श्रुती, स्मृती आणि त्यांवरचे निबंधग्रंथ अशी उतरंड होती. तुलना तंतोतंत नाही, पण निबंधकाराचे मत म्हणजे वेदवचन नव्हे, एवढे तीवरून लक्षात यावे. सुन्नी मुसलमानांत फिक्हच्या चार मुख्य परंपरा आहेत. पुण्यात बहुसंख्य हनफी परंपरेचे, तर कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतांशी शाफई परंपरेचे. फतवा म्हणजे या परंपरेतील जाणकाराने विचारलेल्या प्रश्नावर दिलेले मत. वकिलाच्या सल्ल्यासारखेच ते असते आणि दुसरा जाणकार नेमके उलटे मत देऊ शकतो. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत त्याचा हुकूम होतो, ती गोष्ट वेगळी.

न्याय : आंब्याच्या पेटीपासून सुरुवात

एप्रिल-मे महिन्यांत मार्केट यार्डातून आंब्याची पेटी आणणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव असतो. वरच्या थरात मोठे, केशरी फळ. गवत बाजूला केले की खाली बारके आणि डागी. पैगंबरांच्या चरित्रात नेमका असाच एक प्रसंग आहे. मदिनेच्या बाजारात धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात खुपसला, तो बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले, मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवलेस? आणि पुढे म्हटले, जो फसवतो तो आमच्यातला नव्हे.

धर्माची चर्चा आपण आकाशातून सुरू करतो. इथे ती धान्याच्या ढिगातून सुरू होते. कुराणाच्या ८३व्या अध्यायाची पहिलीच ओळ मापात मारणाऱ्यांच्या धिक्काराची आहे. घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी भरतात, अशी त्यांची व्याख्याही तेथेच दिली आहे. शुऐब नावाच्या पूर्वीच्या एका पैगंबराने आपल्या लोकांना एका ईश्वराची भक्ती करा असे सांगितले आणि लगेच सांगितले की, माप आणि वजन पूर्ण द्या. तराजू ही प्रतिमा त्या ग्रंथात वारंवार येते, आणि न्यायाचा अर्थ तिथून उलगडत जातो. तराजूला गिऱ्हाइकाचे नाव कळत नसते.

हे बाजारापुरते सोपे आहे. आपला माणूस आणि परका माणूस समोरासमोर येतात तेव्हा काय? चौथ्या अध्यायातील १०५ ते ११२ या आयतींमागे एक घटना सांगितली जाते. तिचे तपशील भाष्यकारांगणिक थोडे बदलतात, पण कथेचा कणा एकच आहे. मदिनेत एका घरातून चिलखत चोरीला गेले. ते पिठाच्या पोत्यात ठेवलेले होते आणि पोत्याला भोक होते. चोर तुअमा नावाचा, स्थानिक मुस्लिम टोळीतला. पोते नेताना वाटेवर पिठाची रेघ उमटत गेली. त्याने चिलखत एका ज्यू माणसाकडे ठेवायला दिले, आणि शोध सुरू झाल्यावर शपथेवर कानावर हात ठेवले. लोक पिठाच्या मागावरून ज्यूच्या दारात पोहोचले, चिलखत तिथेच सापडले. तो म्हणाला, हे तुअमाने माझ्याकडे ठेवले आहे. तुअमाचे भाईबंद मात्र पैगंबरांकडे गेले आणि म्हणाले, आपल्या माणसाची बाजू घ्या, नाहीतर आपली सगळ्यांची बेअब्रू होईल.

पुरावा ज्यूच्या घरात, शपथ मुसलमानाची, आणि टोळी प्रतिष्ठेची. अशा वेळी निकाल कुठे झुकला असता हे सांगायला नको. त्या प्रसंगी अवतरलेली आयत म्हणते की, विश्वासघात करणाऱ्यांच्या वतीने भांडू नकोस. पुढे, स्वतः गुन्हा करून तो निरपराध माणसावर ढकलणाऱ्याने मोठे पाप डोक्यावर घेतले, असे सांगितले आहे. टोळीवाल्यांना उद्देशून म्हटले आहे की, या जगात तुम्ही त्यांची बाजू मांडलीत, पण अंतिम निवाड्याच्या दिवशी त्यांचा वकील कोण होणार? मूळ अरबीतही शब्द 'वकील' हाच आहे. ज्यू माणूस निर्दोष ठरला.

ही घटना वाचल्यावर इतर दोन आयतींचे वजन कळते. चौथ्या अध्यायाची १३५वी आयत सांगते की, न्यायासाठी ठाम उभे राहा. साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध जात असली तरी, आणि समोरचा श्रीमंत असो वा गरीब. पाचव्या अध्यायाची ८वी आयत आणखी अवघड गोष्ट मागते. एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्ही न्याय सोडू नये, असे ती सांगते. वैर वाटू देऊ नका, असे ती म्हणत नाही. वैर वाटत असतानाही तराजू सरळ धरा, असे म्हणते. मला हे अधिक वास्तव वाटते.

अशीच एक हदीस आहे. पैगंबर म्हणाले, आपल्या भावाला मदत करा, तो अत्याचारित असो वा अत्याचारी. ऐकणारे चक्रावले. अत्याचारिताचे समजले, अत्याचाऱ्याला मदत कशी करायची? उत्तर मिळाले, त्याचा हात रोखून.

शांतता : हुदैबियाचा तह

इ.स. ६२८. पैगंबरांना मक्का सोडून मदिनेला यावे लागल्याला सहा वर्षे झाली होती. सुमारे चौदाशे अनुयायांसह पैगंबर मक्केच्या यात्रेला निघाले, लढाईला नव्हे. मक्केजवळ हुदैबिया येथे मक्केतील प्रबळ कुरैश टोळीने त्यांना अडवले आणि वाटाघाटींसाठी सुहैल नावाचा चलाख माणूस पाठवला.

तहाचा मसुदा पैगंबरांचे जावई हजरत अली लिहीत होते. 'कृपाळू, दयाळू ईश्वराच्या नावाने' या सुरुवातीला सुहैलने हरकत घेतली. ती बदलली. 'ईश्वराचे प्रेषित मुहंमद' या शब्दांनाही हरकत आली. आम्ही तुम्हाला प्रेषित मानत असतो तर वाट अडवलीच कशाला असती, असा त्याचा रोकडा सवाल होता. अलींचा हात ते शब्द खोडायला धजेना, तेव्हा पैगंबरांनी ते स्वतः खोडले आणि 'अब्दुल्लाचा मुलगा मुहंमद' असे लिहवून घेतले. अटीही एकतर्फी वाटाव्यात अशाच होत्या. दहा वर्षे युद्ध नाही. यंदा यात्रा न करता परत जायचे, पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचे. मक्केहून कोणी पळून आला तर त्याला परत द्यायचे, पण मदिनेहून कोणी मक्केला गेला तर तो परत मिळणार नाही.

शाई वाळते न वाळते तोच साखळदंडात जखडलेला एक तरुण फरफटत तेथे पोहोचला. तो सुहैलचाच मुलगा अबू जंदल. इस्लाम स्वीकारला म्हणून बापाने त्याला कोंडून ठेवले होते. सुहैलने अट पुढे केली. मुलगा ओरडून विचारत होता की, मला पुन्हा त्यांच्या हाती देणार का? आणि त्याला परत देण्यात आले. आम्ही शब्द दिला आहे, तो मोडणार नाही, धीर धर, एवढेच पैगंबर त्याला म्हणाले. हजरत उमर यांच्यासारखा निकटचा सहकारी संतापला होता. आपण सत्याच्या बाजूचे आहोत ना, मग ही मानहानी का सोसायची, असे त्यांनी तोंडावर विचारले. परतीच्या वाटेवर अवतरलेल्या अध्यायाने मात्र या तहाला 'उघड विजय' म्हटले.

हा प्रसंग मला फार खोल वाटतो, आणि तो सहज पचणारा नाही. शांततेची किंमत इथे एका निरपराध तरुणाने मोजलेली दिसते, आणि हे सत्य इस्लामी इतिहासकारांनी झाकलेले नाही. करार पाळणे ही ईश्वराला साक्ष ठेवून घेतलेली जबाबदारी आहे, आणि ती आपल्याला महाग पडली तरी पाळायची, हा त्यातला धडा मुस्लिम विद्वान सांगतात. पुढे दोन वर्षांनी कुरैशांच्या मित्रटोळीने हल्ला करून तह मोडला. ६३० मध्ये मक्का जवळपास रक्तपाताविना हाती आली. काही मोजके अपवाद वगळता सर्वांना माफी दिली गेली. सुहैललाही.

सहिष्णुता : नवसाची मुले

'धर्मात सक्ती नाही' ही दुसऱ्या अध्यायातील २५६वी आयत अनेकांना ठाऊक असते. तिची पार्श्वभूमी फारशी कोणी सांगत नाही. इस्लामपूर्व मदिनेत ज्या बाईची मुले जगत नसत, ती नवस बोलत असे की, मूल जगले तर त्याला ज्यूंच्या घरी त्यांच्या धर्मात वाढवीन. पुढे आईबाप मुसलमान झाले. मुले ज्यू म्हणून वाढली. बनू नजीर या ज्यू टोळीला मदिना सोडावी लागली तेव्हा आईबाप हट्टाला पेटले की, आमची मुले आम्ही जाऊ देणार नाही, त्यांना मुसलमान करू. त्या वेळी ही आयत आली, असे हदीस सांगते. सक्ती नाही, हे वाक्य पोटच्या मुलांच्या संदर्भात उच्चारलेले आहे, हे लक्षात घेतले की ते सुविचाराच्या पाटीवरून खाली उतरते.

इस्लाममधील सहिष्णुतेला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. सगळे मार्ग सारखेच खरे, असे कुराण म्हणत नाही. एकेश्वरवाद हाच सत्य मार्ग, ही त्याची ठाम भूमिका आहे. त्यामुळे त्यातील सहिष्णुता ही 'मला तुझे पटत नाही, तरी तुझा हक्क मी मारणार नाही' या जातीची आहे. अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे खाणे, गाणे, देव काहीच आपल्याला पटत नसले तरी त्यांचे पाणी तोडण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही, तसे.

या चौकटीत बसणारी वचने पुष्कळ आहेत. दुसरे लोक ज्यांना पूजतात त्यांची निंदा करू नका, असे सहावा अध्याय सांगतो. जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत त्यांच्याशी सौजन्याने आणि न्यायाने वागायला ईश्वर मना करत नाही, असे साठावा. तुम्हाला वेगवेगळे समाज आणि कुळे केले ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून, असे एकोणपन्नासावा. एका ज्यू माणसाची प्रेतयात्रा जात असताना पैगंबर उभे राहिले. तो ज्यू होता, असे कोणी म्हणताच त्यांनी विचारले, तो जीव नव्हता का? माणसामाणसांतील समतेचा हा धागा आपल्या गंज पेठेतील जोतीराव फुल्यांना इतका भावला की, त्यांनी पैगंबरांवर अखंड, म्हणजे अभंगाच्या धर्तीची पदे, रचले.

मग 'त्या' ओळीचे काय?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ओळ बहुधा नवव्या अध्यायातील ५वी असते : पवित्र महिने संपले की अनेकेश्वरवादी जेथे सापडतील तेथे त्यांना मारा. ओळ खरी आहे. ती कोणी घुसडलेली नाही. न्यायालयाच्या निकालपत्रातून 'आरोपीस फाशी' एवढेच दोन शब्द कापून दाखवले तर मात्र खटला कोणता, आरोप कोणता, हे कळत नाही. त्याआधीची चौथी आयत सांगते की, ज्यांनी तुमच्याशी केलेला करार पाळला त्यांचा करार मुदतीपर्यंत पाळा. नंतरची सहावी सांगते की, त्यांतला कोणी आश्रय मागू लागला तर त्याला आश्रय द्या आणि सुरक्षित जागी पोहोचवा. तेरावी तर कारणच देते : शपथा मोडल्या आणि पहिला वार त्यांनी केला. मूळ मुद्दा पुन्हा मोडलेल्या कराराचा आहे. अध्यायाचा सूर कठोर आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ११४ अध्यायांपैकी 'कृपाळू, दयाळू' या वचनाने सुरू न होणारा हा एकच.

इथेच जिहाद हा शब्द समजून घ्यावा. त्याचा अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न. प्रत्यक्ष लढण्यासाठी कुराणात किताल हा वेगळा शब्द आहे. पंचविसाव्या अध्यायात, लढण्याची परवानगीच नसलेल्या मक्केच्या काळात, 'कुराणाच्या साहाय्याने मोठा जिहाद कर' असे म्हटले आहे. म्हणजे तेथे शस्त्र अभिप्रेत असणे शक्य नाही. मात्र फिक्हच्या ग्रंथांत जिहाद हा शब्द मुख्यतः युद्धाच्याच अर्थाने आला, आणि 'जिहाद म्हणजे फक्त मनाशी लढाई' असे सांगणारे ही बाजू गाळतात. लढाईची पहिली परवानगी बाविसाव्या अध्यायात आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला, ज्यांना घरांतून हाकलले, त्यांना ती दिली, आणि कारण दिले की, अशा प्रतिकाराविना मठ, चर्च, ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि मशिदी उद्ध्वस्त झाल्या असत्या. या यादीत मशिदी शेवटी येतात. लढताना मर्यादा ओलांडू नका, हे बंधन दुसऱ्या अध्यायात आहे, आणि स्त्रिया व मुले यांना मारण्याची मनाई हदीसमध्ये.

जाणकार टीकाकार पुढचा प्रश्न विचारतात : कठोर आयती नंतरच्या आहेत, मग त्यांनी आधीच्या सौम्य आयती रद्द केल्या नाहीत का? आक्षेप पोकळ नाही. नंतरच्या वचनाने आधीचे वचन रद्द होते, असा सिद्धान्त इस्लामी परंपरेत आहे, आणि नवव्या अध्यायाच्या पाचव्या आयतीने शंभराहून अधिक आयती रद्द केल्या, असे काही मध्ययुगीन विद्वानांनी लिहिलेही आहे. पण इजिप्तचे विद्वान सुयूती यांनी रद्द आयतींची एकूण संख्या विसाच्या आसपास आणली, आणि अठराव्या शतकात दिल्लीचे विद्वान शाह वलीउल्लाह यांनी ती अवघ्या पाचांवर. 'धर्मात सक्ती नाही' ही आयत त्या पाचांत नाही. आजचा कट्टरपंथी आणि आजचा इस्लामविरोधी प्रचारक हे दोघे मात्र याच एका मुद्द्यावर एकमताने जुन्या, मोठ्या यादीच्या बाजूचे असतात.

जिझिया आणि एक फारसी पत्र

मुस्लिम राज्यातील बिगरमुस्लिम प्रौढ पुरुषांकडून घेतल्या जाणाऱ्या कराला जिझिया म्हणत. त्या बदल्यात संरक्षण, स्वतःचा धर्म आणि स्वतःचा कौटुंबिक कायदा मिळे. लष्करी सेवेची सक्ती नसे. सातव्या शतकाच्या मापाने ही व्यवस्था बरी होती, असे समर्थक म्हणतात, आणि ज्या काळात पराभूतांना धर्म बदला नाहीतर मरा असेही कधी कधी सांगितले जाई त्या काळाशी ताडून पाहता त्यात तथ्य आहे. पण समान नागरिकत्व ती नव्हेच. आजच्या माणसाने तिला न्याय म्हणावे, अशी अपेक्षा धरता येत नाही.

हिंदुस्थानात अकबराने १५६४ मध्ये जिझिया रद्द केला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादला. त्याविरुद्ध औरंगजेबाला लिहिलेले एक फारसी पत्र छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या लेखकत्वाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, पण त्यातला युक्तिवाद बिनतोड आहे. कुराणात ईश्वराला 'रब्बुल आलमीन', म्हणजे सर्व जगांचा पालनकर्ता, म्हटले आहे, 'रब्बुल मुसलमीन' नव्हे, असे ते पत्र बादशहाला सुनावते. हा शब्द कुराणाच्या पहिल्याच अध्यायातला, नमाज पढणारा प्रत्येक जण दिवसातून अनेकदा उच्चारतो तो. बादशहाला त्याच्याच ग्रंथातून धरले आहे.

धर्म सोडणारा, आणि घरातली बाई

सहिष्णुतेविषयीची सर्वांत अडचणीची जागा ही. चारही सुन्नी परंपरांच्या जुन्या ग्रंथांत धर्म सोडणाऱ्या पुरुषाला मृत्युदंड सांगितला आहे. हनफींनी स्त्रीला त्यातून वगळून कैद सुचवली. कुराणात मात्र धर्मत्यागाला इहलोकात कोणतीही शिक्षा सांगितलेली नाही. आधार हदीसचा घेतला गेला. आधुनिक काळातील अनेक मुस्लिम विद्वान म्हणतात की, त्या काळी धर्म सोडणे म्हणजे शत्रुसैन्याला जाऊन मिळणे होते, म्हणून ती शिक्षा फितुरीची होती. मला हा युक्तिवाद पटतो. पण काही देशांच्या कायद्यांत ती शिक्षा आजही आहे, आणि तेथल्या माणसाला माझ्या पटण्याने दिलासा मिळत नाही.

घरातल्या न्यायाचा वाद पुण्याला जुना आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला तो तोंडी तलाकाविरुद्ध, आणि २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली ती पुण्यात. दलवाईंनी आपली मागणी कुराणाच्या आधाराने मांडली नाही. ते नागरिकत्वाच्या आणि संविधानाच्या भाषेत बोलत. नंतरच्या काळात मुस्लिम महिला संघटनांनी दुसरा रस्ताही धरला. तलाकचे उच्चार टप्प्याटप्प्याने, मध्ये प्रतीक्षेचा काळ, आणि त्याआधी दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ, ही रीत कुराणातच दिली आहे, मग एका दमात तीनदा उच्चारून बाईला घराबाहेर काढणे कोणत्या न्यायात बसते, असे त्यांनी विचारले. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तशा तलाकाची प्रथा रद्द ठरवली आणि २०१९ मध्ये तो कायद्याने गुन्हा झाला. वारसाहक्कात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, हा प्रश्न अजून तसाच उभा आहे. इन्साफ या शब्दातले निम्मे येथे उलट्या बाजूने बोचते.

'हे सगळे कागदावर, प्रत्यक्षात काय?'

१३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत झालेला स्फोट पुणेकर विसरलेले नाहीत. त्यांच्यापुढे आयतींची यादी ठेवून भागत नाही. अशा हिंसेला धर्माच्या आतून काय उत्तर मिळाले, हे विचारणे रास्तच आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील दारुल उलूम देवबंद या इस्लामी शिक्षणसंस्थेने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचा फतवा दिला. २०१४ मध्ये जगभरच्या १२० हून अधिक विद्वानांनी 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्याला खुले पत्र लिहून त्याचे एकेक कृत्य फिक्हच्याच निकषांवर खोडून काढले. पण मला सर्वांत बोलकी वाटते ती २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरची मुंबईतील घटना. बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांच्या दफनाला जागा नाकारली. प्रेताला माती देणे हे इस्लाममध्ये सामूहिक कर्तव्य आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या नकाराची धार कळते.

जुलूस पुढे ढकलण्याचा निर्णय त्या मानाने लहानसा, आणि तोही एकमुखी विषय नव्हे. मिलादचा जुलूस काढणे मुळात धर्माला धरून आहे का, यावर मुसलमानांतच वाद आहे; देवबंदी आणि अहले हदीस विचारांच्या अनेकांना तो मान्य नाही. ज्यांना मान्य आहे त्यांनी लागोपाठ तीन वर्षे तो पुढे नेला. ही वेळ सारखी येणारही नाही. मिलाद हिजरी, म्हणजे इस्लामी, पंचांगातील रबीउल अव्वल महिन्याच्या बाराव्या तारखेला आणि अनंत चतुर्दशी भाद्रपद शुद्ध चौदाव्या तिथीला. दोन्ही महिने चंद्राचे, म्हणून ते तीन वर्षे जोडीने चालले. पण आपल्या पंचांगात अधिक मास धरतात आणि हिजरी पंचांगात तो धरत नाहीत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने मिलाद श्रावणात, राखी पौर्णिमेच्या आसपास येते आणि विसर्जन त्यानंतर सुमारे महिनाभराने. दोन्ही मिरवणुका पुन्हा एकाच आठवड्यात येतील त्या बत्तीस-तेहतीस वर्षांनी, आणि तेव्हाच्या बैठकीत आज बालवाडीत असलेली मुले बसलेली असतील.